अमर, अजर, अक्षय : टेलोमरेजच्या इतिहासातील एका शब्दाचा प्रवास

१

विसाव्या शतकातील जीवशास्त्राने पुराणकथा आणि धर्मविचार यांच्या क्षेत्रातून जे मोजके शब्द प्रयोगशाळेत आणले, त्यांत ‘अमर’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. काचपात्रात वाढवलेला पेशींचा एखादा समूह अमर्याद काळ विभागत राहिला, तर त्याला इंग्रजी शास्त्रीय लेखनात जे विशेषण लावले जाते त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द ‘अमर’ हाच होतो. परंतु मराठीत, आणि तिच्या पाठीशी असलेल्या संस्कृत परंपरेत, मरणाच्या नकाराचे एकच रूप नाही. जो म्हातारा होत नाही तो अजर, जो मरत नाही तो अमर, जो दीर्घकाळ जगतो तो चिरंजीव आणि जे खर्च होऊनही उणे होत नाही ते अक्षय. ‘अजरामर’ या समासात दोन निरनिराळी वरदाने जोडलेली आहेत, ही गोष्ट रूढ वापरात विसरली जाते. वार्धक्य आणि कर्करोग यांना जोडणाऱ्या एका विकराचा, म्हणजे टेलोमरेज या एन्झाइमचा इतिहास या विसरलेल्या भेदाच्या प्रकाशात वाचला, तर तो वेगळा दिसू लागतो.

रोग आणि रूपक यांचा विचार करताना सुसान सोन्टॅग यांच्या १९७८च्या ‘इलनेस अ‍ॅज मेटफर’ या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही. क्षय आणि कर्करोग या दोन व्याधींभोवती साहित्याने आणि समाजाने उभारलेली रूपके रुग्णाला अपराधी ठरवतात. म्हणून रोगाकडे रूपकांवाचून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः कर्करोगाचे उपचार घेतलेल्या लेखिकेचा हा आग्रह नैतिकदृष्ट्या भक्कम आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. रूपके समाजाची असतात आणि विज्ञान त्यांच्या पलीकडे उभे असते, हे ते गृहीतक होय. टेलोमरेजचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. येथे रूपक संशोधनानंतर चिकटलेले नाही. कोणता प्रयोग विचार करण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे अनेकदा रूपकानेच ठरवले.

२

या इतिहासाचा पहिला अध्याय एका चुकीच्या अमरत्वाचा आहे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील ऊतीचा तुकडा काचपात्रात वाढवण्यास आरंभ केला. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. हे संवर्धन पुढे त्यांचे सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी सांभाळले आणि कॅरेल यांच्या निधनानंतर, १९४६ साली ते टाकून देण्यात आले. चौतीस वर्षे! कोंबडीचे आयुष्य याच्या पासंगालाही पुरत नाही. यावरून निष्कर्ष निघाला तो असा की पेशी मूलतः अमर आहे. म्हातारपण आणि मरण हे पेशींच्या एकत्र येण्याचे, म्हणजे देहाचे भोग आहेत. पुढच्या दोन पिढ्यांनी हे जवळजवळ श्रुतिवचनासारखे मानले. इतर प्रयोगशाळांतील पेशी मरत, तेव्हा दोष पेशींचा नसून वाढवणाऱ्याच्या हाताचा आहे, असे समजले जाई.

फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हे मत १९६१ साली मोडले. मानवी भ्रूणाच्या संयोजी ऊतीतील पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. त्या लगेच मरत नाहीत, पण विभागतही नाहीत, असे त्यांना आढळले. दोष हाताचा नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग आजही आपल्या साधेपणाने चकित करतो. बऱ्याच वेळा विभागलेल्या पुरुष-पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्री-पेशी एकाच पात्रात मिसळल्या. स्वतंत्र ठेवलेल्या पुरुष-पेशी थांबल्या तेव्हा मिश्र पात्रात फक्त स्त्री-पेशी उरल्या होत्या. पात्र एक, अन्न एक, हात एक. मग मर्यादा पेशीच्या आतच असली पाहिजे.

हा निबंध प्रथम ज्या नियतकालिकाकडे पाठवला होता तेथून तो परत आला. संपादक होते पेटन राउस, कोंबड्यांमधील अर्बुद विषाणूमुळे होऊ शकते हे १९११ सालीच दाखवणारे आणि पुढे १९६६ साली त्यासाठी नोबेल मिळवणारे संशोधक. योग्य परिसर मिळाला तर विभाजनक्षम पेशी अनंतकाळ वाढत राहतात, हेच ऊतिसंवर्धनाने पन्नास वर्षांत सिद्ध केलेले सर्वांत मोठे सत्य आहे, असा त्यांच्या नकाराचा आशय होता. स्वतः रूढ मताविरुद्ध जाऊन उपेक्षा सोसलेल्या माणसाने रूढ मताच्या बाजूने निवाडा द्यावा, हा विज्ञानाच्या इतिहासातील अपवाद मुळीच नाही.

कॅरेल यांच्या पेशींचे काय? त्यांना पोषण म्हणून भ्रूणाचा जो अर्क वेळोवेळी घातला जाई, त्यातून ताज्या जिवंत पेशी पात्रात शिरत असाव्यात, हे हेफ्लिक यांचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर ती संहिता दीर्घायुषी नव्हती. प्रक्षेपांवर जगत होती.

हेफ्लिक यांच्या १९६१च्या मांडणीत वार्धक्याइतकाच कर्करोगही उपस्थित आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यांनी पेशींचे दोन वर्ग केले: मर्यादा असलेल्या सामान्य पेशी आणि मर्यादा ओलांडलेल्या, बहुधा विकृत गुणसूत्रे असलेल्या पेशी. म्हणजे ‘अमर’ हे विशेषण एका फटक्यात सर्व पेशींकडून काढून घेतले गेले आणि केवळ कर्कपेशींना व त्यांच्यासारख्यांना बहाल झाले. मॅक्फार्लेन बर्नेट यांनी १९७४ साली ‘हेफ्लिक मर्यादा’ हे नाव रूढ केले, तोवर मर्त्य असणे हे निरोगीपणाचे लक्षण ठरून गेले होते. देहाचे आरोग्य त्याच्या पेशींच्या मर्त्यतेवर उभे असते, ही कल्पना कोणत्याही धर्मग्रंथात शोभली असती. ती आली मात्र ऊतिसंवर्धनाच्या नोंदवहीतून.

३

मर्यादा पेशीच्या आत असेल तर मोजणी कोण करते? हेफ्लिक आणि वुड्रिंग राइट यांनी १९७५ साली केंद्रकांची अदलाबदल करून मोजणारा केंद्रकात बसला आहे, असे दाखवले. पण मोजणीच्या रीतीचे उत्तर त्याआधीच मॉस्कोमध्ये, रशियन भाषेत छापले गेले होते.

अलेक्सेई ओलोव्निकोव यांनी १९६६ साली हेफ्लिक यांच्या कामाविषयीचे एक व्याख्यान ऐकले. तेथून परतताना भुयारी रेल्वेच्या स्थानकात त्यांना जी कल्पना सुचली तिची हकिकत त्यांनी स्वतः पुढे सांगितली आहे. गाडी म्हणजे डीएनएची प्रत तयार करणारे विकर आणि रूळ म्हणजे मूळ डीएनए असे मानले, तर गाडीच्या टोकाचा जो भाग दारापर्यंत पोहोचत नाही तेवढ्या रुळाची प्रत होणारच नाही. दर खेपेला प्रत मूळ संहितेपेक्षा टोकाला किंचित आखूड निघणार. ही उपपत्ती १९७१ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात आली आणि १९७३ साली इंग्रजीत. तिला त्यांनी ‘मार्जिनोटॉमी’, म्हणजे कडा-छेद, असे नाव दिले. शिवाय त्यांनी पुढचे पाऊलही टाकले: प्रजननपेशी आणि कर्कपेशी यांत हा तोटा भरून काढणारे खास विकर असले पाहिजे. प्रत्यक्ष पुरावा मिळण्यापूर्वी अकरा-बारा वर्षे हे भाकीत छापलेले होते.

टोकाची अडचण जेम्स वॉटसन यांनीही १९७२ साली एका विषाणूच्या संदर्भात स्वतंत्रपणे मांडली. तिचा तपशील आज थोडा वेगळा सांगितला जातो. प्रत करणाऱ्या विकराला एकाच दिशेने जाता येते आणि आरंभासाठी त्याला एका लहानशा आरएनए-तुकड्याचा आधार लागतो. तो तुकडा मागाहून काढला जातो आणि टोकाशी त्याची जागा भरून निघत नाही. मात्र वॉटसन यांच्या लेखात वार्धक्य नाही आणि कर्करोगही नाही. दोन्ही टोके एका सूत्रात ओवली ती ओलोव्निकोव यांनीच. २००९ साली टेलोमिअर आणि टेलोमरेज यांच्या संशोधनाला वैद्यकाचे नोबेल मिळाले तेव्हा त्यांचे नाव त्यात नव्हते. भाकीत आणि शोध यांत फरक आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण भाषांतराच्या इतिहासकाराला आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. कल्पना टिकली, तिचे नाव टिकले नाही. ‘मार्जिनोटॉमी’ कोणत्याही भाषेत रुजली नाही; तिच्या जागी हर्मन मुलर यांनी १९३८ साली ग्रीक ‘टेलोस’ आणि ‘मेरोस’ या शब्दांपासून घडवलेला ‘टेलोमिअर’, म्हणजे शेवटचा अवयव, हा शब्द स्थिरावला. ‘टेलोस’मध्ये शेवट आणि हेतू हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘मार्जिनोटॉमी’त केवळ कापले जाणे आहे.

हस्तलिखितांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या अडचणीचे नवल वाटणार नाही. पोथीची पहिली आणि शेवटची पाने आधी झिजतात, फाटतात, गहाळ होतात. पुष्पिका नेमकी तेथेच असल्याने लेखनकाल आणि लेखकाचे नाव पहिल्याने जाते. पेशीने यावर योजलेला उपायही ओळखीचा वाटावा असा आहे. गुणसूत्राच्या टोकाशी अर्थपूर्ण मजकूर न ठेवता एकाच लहान अक्षरसमूहाची हजारो आवर्तने ठेवायची, म्हणजे झीज होईल ती या कोऱ्या पानांची होईल. मानवात हा समूह सहा अक्षरांचा आहे आणि प्रत्येक विभाजनात त्यातली सुमारे ५० ते २०० अक्षरे जातात. तुलना मात्र येथेच थांबवली पाहिजे. पोथी हाताळल्याने झिजते. डीएनए प्रत करण्यानेच झिजते, आणि नकलेवाचून त्याला दुसरे आयुष्य नाही.

कोरी पाने पुन्हा जोडणारा हात कोणाचा, हे अमेरिकेत ठरले. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्या हाताखाली टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जिवाच्या टोकांवरील आवर्तने १९७८ साली प्रसिद्ध केली. जॅक शोस्टॅक यांच्याबरोबर त्यांनी १९८२ साली दाखवले की ही टोके यीस्टमध्येही संरक्षण देतात. इतक्या दूरच्या दोन जिवांना एकच लिपी कळते. बर्कली येथे ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला १९८४च्या नाताळच्या दिवशी चित्रफितीवर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पायऱ्या दिसल्या आणि १९८५ साली विकराचा शोध जाहीर झाला. १९८९ पर्यंत हेही स्पष्ट झाले की या विकराच्या पोटात आरएनएचा एक तुकडा असतो आणि त्यावरून ते आवर्तने उतरवून घेते. मूळ प्रत ते स्वतःच्या अंगावर बाळगते. जीवशास्त्राने या रीतीला ‘व्यस्त प्रतिलेखन’ म्हटले, कारण नेहमीचा डीएनएकडून आरएनएकडे जाणारा क्रम येथे उलटतो. प्रतिलेखन, भाषांतर, संकेत, संहिता ही सारी शब्दसंपत्ती लेखनव्यवहाराकडून उसनी घेतलेली आहे.

४

टेलोमरेज मानवी पेशीत पहिल्याने सापडले ते कोठे, याचे उत्तर या इतिहासाच्या मर्मस्थानी नेते. ग्रेग मोरिन यांनी १९८९ साली ते दाखवले हेला पेशींत.

हेन्रिएटा लॅक्स ही आफ्रिकी-अमेरिकी स्त्री १९५१च्या आरंभी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आली. तिच्या अर्बुदाचा तुकडा तिला न विचारता घेण्यात आला आणि जॉर्ज गाय यांच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत पोहोचला. नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन पात्रावर ‘हेला’ अशी चिठ्ठी लागली. त्या पेशी दिवसागणिक दुप्पट होत राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लॅक्स यांचा मृत्यू झाला. पेशी देशोदेशी गेल्या. त्यांच्या मूळ धनिणीचे नाव मात्र बरीच वर्षे ‘हेलन लेन’ असे चुकीचे सांगितले गेले आणि कुटुंबाला खरा प्रकार १९७०च्या दशकात कळला. या पेशींपासून झालेल्या लाभाबाबत वारसांनी एका जैवतंत्रज्ञान कंपनीवर लावलेल्या दाव्यात तडजोड झाली ती ऑगस्ट २०२३मध्ये.

या प्रयोगशाळेशी महाराष्ट्राचा एक थेट धागा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठातून १९४९ साली पीएच.डी. मिळवल्यानंतर बाल्टिमोरला याच गाय यांच्याकडे काम केले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिल्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेची उभारणी केली. भारतीय भाषांत या विषयाची परिभाषा घडली ती अशा प्रवासांच्या पोटात. पेशी काचेत वाढवण्याचे तंत्र आणि त्या पेशींना लावायची विशेषणे एकाच सामानातून आली.

‘अमर’ हे विशेषण हेला पेशींना जितके घट्ट बसले तितके दुसऱ्या कशालाही नाही. पण येथे अमर झाले ते कोण? आदिपर्वातील समुद्रमंथनाच्या कथेत राहू देवांच्या पंक्तीत बसून अमृत पितो. ते कंठापर्यंत पोहोचते तोच त्याचे मस्तक उडवले जाते; मस्तक अमर होते, धड कोसळते. कथेने अमरत्व अवयवाचे असू शकते आणि देहाला त्याचा काहीच उपयोग नसतो, हे ओळखले होते. लॅक्स यांच्यासंबंधी ‘त्या पेशीरूपाने अमर झाल्या’ असे जे वाक्य वारंवार लिहिले जाते, ते राहूच्या धडाला अमर म्हणण्यासारखे आहे. त्या वाक्याने एका स्त्रीच्या मृत्यूचे आणि तिच्या संमतीच्या अभावाचे ओझे हलके होते. शब्दाची निवड येथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

शास्त्रीय दृष्टीनेही विशेषण ढिले आहे. हेला पेशी मरतात. अन्न संपले, तापमान बिघडले, विष मिळाले की त्या इतर पेशींसारख्याच मरतात. न संपणारी असते ती त्यांची वंशावळ, आणि ती न संपण्याचे एक कारण असे की टोकांची झीज दर वेळी भरून निघते. अठराव्या क्रमांकाच्या पॅपिलोमा विषाणूचे जनुक या पेशींत मुरलेले आहेत. त्यांतील एक टेलोमरेजच्या जनुकाला चालना देते. उणे होते आणि तरी उणे राहत नाही अशा या स्थितीला मराठीतला नेमका शब्द ‘अक्षय’ हा आहे. योगायोग असा की त्याच्या पोटातला ‘क्षय’ हाच सोन्टॅग यांच्या पुस्तकातल्या दुसऱ्या रोगाचे मराठी नाव होय.

हेलाच्या अक्षयपणाचा एक परिणाम पाठचिकित्सकांना विशेष उद्बोधक वाटेल. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली एका परिषदेत दाखवून दिले की स्वतंत्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या अठरा पेशीवंशांत एकाच विकराची एकच दुर्मीळ खूण आढळते. याचा अर्थ असा की हेला पेशींनी इतर पात्रांत शिरून मूळ रहिवाशांना हुसकावले होते आणि पात्रांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या जुन्या राहिल्या होत्या. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या १९३३च्या प्रस्तावनेत हस्तलिखितांच्या ज्या परस्परमिश्रणाशी झुंज घेतली, तिचे हे काचपात्रातील रूप म्हणता येईल. फरक इतकाच की तेथे मिश्र पाठामुळे श्लोक बदलत. येथे एका अवयवाच्या रोगावर म्हणून केलेले संशोधन प्रत्यक्षात दुसऱ्याच रोगावर झालेले असे.

५

१९९०च्या दशकात वार्धक्य आणि कर्करोग यांच्या कथा एकाच विकराभोवती गुंफल्या गेल्या. कॅल्विन हार्ली, ब्रूस फ्यूचर आणि ग्रायडर यांनी १९९० साली दाखवले की मानवी पेशी जसजशा विभागतात तसतसे टेलोमिअर आखडतात. नाम किम आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एका नव्या संवेदनक्षम चाचणीने प्रचंड आवाका घेतला: अमर्याद विभागणाऱ्या १०० संवर्धनांपैकी ९८मध्ये टेलोमरेज सक्रिय होते, मर्यादित २२पैकी एकातही नव्हते, बारा प्रकारच्या अर्बुदांच्या १०१ नमुन्यांपैकी ९०मध्ये होते, सामान्य ऊतींच्या ५० नमुन्यांत कोठेच नव्हते. इतकी स्वच्छ विभागणी जीवशास्त्रात क्वचित मिळते. चारच वर्षांनी, १९९८मध्ये, सामान्य मानवी पेशींत विकराचा सक्रिय घटक घातला असता त्या आपली मर्यादा किमान वीस विभाजनांनी ओलांडून गेल्या आणि तरीही कर्कपेशींसारख्या वागू लागल्या नाहीत.

या निकालानंतर जगभरच्या वृत्तपत्रांत तारुण्याचा झरा वाहू लागला. मराठी अनुवादकाच्या हाताशी अशा वेळी अमृत, संजीवनी, चिरयौवन हे शब्द असतात आणि प्रत्येकाची कथा निराळी आहे. संजीवनी मेलेल्याला उठवते, अमृत मरू देत नाही, तर ययातीचे यौवन दुसऱ्याकडून उसने घ्यावे लागते. टेलोमरेज यांपैकी काहीच करत नाही. एकीकडे औषधसंशोधकांनी त्याच विकराला शत्रू ठरवले होते, कारण कर्कपेशी त्याच्या जिवावर टिकतात. एकाच पदार्थाच्या वाट्याला अमृत आणि हलाहल अशा दोन्ही भूमिका आल्या, आणि समुद्रमंथन पुन्हा आठवावे अशी स्थिती झाली.

पुढच्या संशोधनाने दोन्ही भूमिका फाटत गेल्या. विल्यम हान आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने १९९९ साली मानवी पेशी कर्कपेशीत बदलून दाखवली, तेव्हा टेलोमरेज आवश्यक होते पण पुरेसे नव्हते. त्याबरोबर आणखी दोन जनुकीय बदल लागले. त्याच वर्षी टेलोमरेज नसलेल्या उंदरांच्या पुढच्या पिढ्यांत केस पांढरे होणे आणि जखमा उशिरा भरणे आढळले, हे अपेक्षितच होते. परंतु त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाणही वाढले. याचे कारण बार्बरा मॅक्क्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मक्याच्या गुणसूत्रांत पाहून ठेवले होते: टोक नसलेली गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, विभाजनात तुटतात, पुन्हा चिकटतात. झिजलेल्या टोकांची पेशी बहुधा थांबते किंवा मरते. पण थांबवणारी यंत्रणाच निकामी असेल तर या तोडमोडीतून कर्करोग जन्मतो. म्हणजे आखूड टेलोमिअर आधी कर्करोगाला अडवतो आणि मग त्यालाच वाट करून देतो. सुमारे १० ते १५ टक्के अर्बुदे तर टेलोमरेजशिवाय, गुणसूत्रांची टोके एकमेकांवरून उतरवून घेऊन, काम भागवतात. ही पर्यायी रीत सिडनीतील संशोधकांनी १९९५ साली नोंदवली. आणि २०१३ साली त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात आढळलेला बदल टेलोमरेजच्या जनुकाच्या अर्थवाही भागात नव्हता. तो त्याच्या नियंत्रक प्रदेशात, जणू समासातल्या सूचनेत, होता.

‘लांब टेलोमिअर म्हणजे तारुण्य’ हे समीकरणही टिकले नाही. टेलोमिअर जन्मतःच आखूड असलेल्या डिस्केराटोसिस कन्जेनिटा या दुर्मीळ आनुवंशिक व्याधीचा टेलोमरेजशी संबंध १९९९ साली उलगडला. तेथे मज्जा लवकर थकते. उलटपक्षी पॉट-१ या जनुकातील बदलामुळे टेलोमिअर लांब असलेल्या कुटुंबांचा जो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात निरनिराळ्या गाठी आणि रक्तातील बदललेल्या पेशींची वाढ दिसून आली. थांबायला हव्या होत्या त्या पेशींना तेथे अधिक अवधी मिळाला होता. अजर होण्याची इच्छा आणि अक्षय होण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांना एका ‘अमर’ शब्दाखाली ठेवल्यानेच दोन दशके एकीची आशा दुसरीच्या नावावर खपत राहिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

उपचारांच्या इतिहासात या गोंधळाची किंमत मोजावी लागली. ग्रीक ‘गेरॉन’, म्हणजे वृद्ध पुरुष, या शब्दावरून नाव घेतलेली जेरॉन ही अमेरिकी कंपनी १९९० साली वार्धक्याच्या संशोधनासाठी निघाली आणि तिचे भवितव्य अखेरीस कर्करोगाच्या औषधाशी बांधले गेले. टेलोमरेज रोखण्यात एक अंगभूत अडचण होती. विकर आज बंद केले तरी कर्कपेशीचे टोक झिजून संपेपर्यंत अनेक विभाजने जातात, आणि घट्ट अर्बुदाचा रुग्ण तितका काळ थांबू शकत नाही. फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावरील चाचण्यांतून अपेक्षित फळ मिळाले नाही. टेलोमरेजच्या तुकड्यावर आधारलेल्या लसीची ब्रिटनमधील स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील चाचणी १,०६२ रुग्णांवर झाली. तिने आयुष्य वाढत नाही, असा निकाल २०१४ साली आला.

जेरॉनचे इमेटेलस्टॅट टिकले ते रक्ताच्या व्याधींत. मज्जेतील पेशी नीट घडत नाहीत अशा मायलोडिस्प्लास्टिक विकाराच्या कमी जोखमीच्या, रक्त घेण्यावर अवलंबून असलेल्या काही प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला ६ जून २०२४ रोजी मान्यता दिली. १७८ रुग्णांच्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना सलग आठ आठवडे रक्त घ्यावे लागले नाही. नुसते द्रावण मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. सलग चोवीस आठवड्यांच्या निकषावर हेच आकडे २८ आणि ३ असे आहेत. बिंबाणू आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा धोकाही औषधाच्या पत्रकात नोंदलेला आहे. सुसान सोन्टॅग यांचे २८ डिसेंबर २००४ रोजी याच विकाराने, तो रक्ताच्या तीव्र कर्करोगात परिणत होत असताना, निधन झाले. त्यांची अवस्था या औषधाच्या कक्षेबाहेरची होती.

इमेटेलस्टॅट स्वतः तेरा अक्षरांचा एक लहानसा कृत्रिम तुकडा आहे. टेलोमरेज ज्या आरएनएवरून आवर्तने उतरवून घेते, त्या मूळ प्रतीला हा तुकडा पूरक आहे. तो तिच्यावर जाऊन बसतो आणि तिचे वाचन थांबते.